कोरं पुस्तक

नव्या पुस्तकातही ठिपके नव्हते. शालिकरामने पान चाचपलं, उलटलं, पुन्हा चाचपलं. गुळगुळीत. मग त्याने छापखान्याचा जो उद्धार सुरू केला, तो गोठ्यातल्या म्हशीनेही कान टवकारून ऐकला.

शालिकराम जन्मांध. अहेरीच्या बाजाराला जायचं तर त्याला कोणाचा तरी हात धरावा लागे. ताटात काय वाढलंय, तेही बायकोला विचारावं लागे. वाचताना मात्र त्याने कधी कोणाला काही विचारलं नाही. त्याचा सगळा तोरा त्याच्या बोटांवर होता. वर्षभरात त्याची ब्रेलची पुस्तकं एकेक करून सपाट लागू लागली. वापरून झिजली, असं त्याने ठरवून टाकलं आणि हे नवं मागवलं.

"मले तं ठिपके दिसून राह्यले," त्याची बायको गोकुळा म्हणाली.

"दिसून का होते? हाताले लागाले पायजे!"

तिने त्याचा हात ओढून घेतला. "आन् हा फोड कायचा? चुलीवरच्या चहाच्या गंजानं हात भाजला असन. तुमाले समजलं नाई?"

"कोणता फोड?"

गोकुळाला एकदम आठवलं. मागच्या महिन्यात आशाताई ज्योत्स्ना कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी, कोणाच्या अंगावर बधिर चट्टे आहेत का, ते पाहत घरोघर फिरली होती. "चट्टे पाहाले डोळे लागतात, बाई," असं म्हणून यानेच तिला हसत वाटेला लावलं होतं.

शालिकराम हट्टाला पेटला. त्याने शेजारच्या दिव्यानीला हाक मारली. तीही आंधळी, तिला अक्षरं त्यानेच शिकवली होती. पुस्तक तिच्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, "सांग तुह्या काकूले, कोरं हाय म्हून."

दिव्यानीने पानावर बोट ठेवलं आणि वाचू लागली. कुठेही न अडखळता, ओळीमागून ओळ.

"चांगलं हाय ना, काका," ती म्हणाली. "तुमचं जुनं बी असंच हाय. कालच वाचलं म्या."

शालिकरामने तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं. जोर देऊन दाबलं. ठिपके सोडाच, कागदही लागला नाही. त्याला राग आला नाही, रडूही आलं नाही.

"उद्या दवाखान्यात जाऊ," गोकुळा हळूच म्हणाली. "औषध हाय म्हनतात त्याच्यावर."

"जाऊ," तो म्हणाला. "गोकुळा, मी आज आंधळा झालो वं."