नास्तिक नाशिककरची संकष्टी

बटण दाबलं आणि वाल्मीकने डोळे चोळून पुन्हा पडद्याकडे बघितलं. उत्तर त्याचंच होतं, शब्दन् शब्द त्याचा. पण पडद्यावर ते ‘तुळस’ या नावाने आलं होतं. ‘नवस म्हणजे देवाशी घासाघीस, आणि देव म्हणजे माणसाची सोय.’ हे म्हणे तुळसने लिहिलं! जी बाई वर्षभर ‘विवेक कट्टा’ या वेबसाइटवर देवाची बाजू घेऊन त्याच्याशी भांडत होती, तिने.

घोटाळा साधाच होता. साल दोन हजार सहा. पंचवटी कारंज्याजवळच्या त्या सायबर कॅफेत मराठी टाइप होणारं मशीन एकच, कोपऱ्यातलं. आधी बसलेली व्यक्ती लॉगआउट न करताच उठून गेली होती. वाल्मीक सातपूरच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आला, कट्टा उघडाच दिसला, आणि गड्याने नाव न बघता तोफ डागली. म्हणजे ही तुळस नाशिकचीच, याच खुर्चीवर बसणारी. कीबोर्डमध्ये झेंडूची पाकळी अडकली होती. रोज तो ती फुंकून उडवायचा. आज उडवली नाही.

खरं तर लॉटरीच लागली होती. दोघांची कट्ट्यावर पैज होती आणि रविवारी सगळे मत देणार होते. ‘नास्तिक नाशिककर’, म्हणजे आपला वाल्मीक, हरला तर त्याने संकष्टीचा उपास धरायचा, चंद्र दिसेपर्यंत. तुळस हरली तर तिने संकष्टीला दिवसाढवळ्या मिसळ खायची, तर्री मारून. आतापर्यंत मामला बरोबरीत होता. वाल्मीकची सेकंड शिफ्ट असली की तो सकाळी कॅफेत येऊन लिहायचा आणि कंपनीची बस गाठायला धावत सुटायचा. त्या आठवड्यांतलं त्याचं लिखाण लोक डोक्यावर घ्यायचे. काय तो संयम, काय ते दाखले! झोप पुरी झाली की मेंदू चालतो, असं शास्त्रीय कारणही त्याने शोधून ठेवलं होतं. स्वतःचं लिहिलेलं तो कधी परत वाचत नसे, कौतुक तेवढं वाचायचा.

आता खाली धडाधड उत्तरं येऊ लागली. ‘तुळसताई, मानलंत अखेर!’ ‘मिसळीचा फोटो टाका बरं का.’

वाल्मीकने आता नुसतं उठून घरी जायचं, की पैज त्याचीच. ज्याने आईला घरात सत्यनारायण घालू दिला नाही, त्याच्यावर उपासाची पाळी येणं म्हणजे गल्लीत तोंड लपवत फिरणं. पण पाय उचलेना. फसवून जिंकायचं, तर मग बुवाबाबांनी काय घोडं मारलं होतं? नुसतं पुसून टाकावं, तर लोक म्हणणार, बाई घाबरली. शेवटी त्याने तिच्याच नावाने खाली लिहिलं, ‘वरचं म्हणणं नास्तिकांचं. आता माझं ऐका.’

आणि तो अडला. काय म्हणेल ही बाई? मग त्याला आई आठवली, कुसाबाई. ‘नवस घासाघीस असेल,’ तो लिहू लागला, ‘पण एक बाई रोज दिवा लावते आणि काहीच मागत नाही. नुसतं सांगते. पोरगा कामावर गेला, गुडघा दुखतो, मेथी छान मिळाली. सांगून झालं की हसत चुलीकडे वळते. तुमच्या तर्काने तिला याहून बरं काय दिलं?’ लिहिता लिहिता त्याला मजा यायला लागली. वाचून बघितलं, तर उत्तर त्याचं त्यालाच सुचेना. त्याने तुळसला नीट लॉगआउट केलं आणि घरी गेला.

रविवारी तुळस जिंकली. त्याच उत्तरावर.

संकष्टीला वाल्मीकने डबा नको म्हटलं. “बरं नाय का तुला?” कुसाबाईने विचारलं. “उपास धरलाय,” तो पुटपुटला. कुसाबाईने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, मग गणपतीपुढे साखर ठेवली.

दुपारी पोटात कावळे घेऊन तो कॅफेत पोचला. त्याच्या खुर्चीवर एक तरुणी बसली होती. शेजारी फुलांची रिकामी पाटी.

“नास्तिक नाशिककर ना? मी साधना. तुळस. फुलबाजारात आमचं दुकान आहे. चला, समोर बसू.”

समोरच्या हॉटेलात बसल्यावर ती म्हणाली, “दिव्याचं उत्तर मी लिहिलं नव्हतं. या मशीनवर माझ्यानंतर तुम्हीच बसता, कॅफेवाल्याने सांगितलं.”

वाल्मीकने मान खाली घातली. “तुमचं खातं उघडं राहिलं होतं.”

“माझं एकदा राहिलं,” साधना म्हणाली. “तुमचं सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रोज राहतं.”

“म्हणजे?” वाल्मीकने मान वर केली.

“दुपारी मी येते तर तुमचं लिखाण समोरच. त्यातल्या शिव्या काढायचे, चांगले दाखले घालायचे. समोरचा कच्चा असला तर भांडण्यात काय मजा?”

टाळ्यांचे ते सगळे आठवडे वाल्मीकच्या डोळ्यांपुढून गेले. कान लाल झाले. मग त्याला असं हसू फुटलं की गल्ल्यावरचा माणूस वळून बघू लागला. कितीतरी दिवसांत तो एवढा खूश झाला नव्हता.

“मग हरलं कोण?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“तुमच्या नावावर मी जिंकत होते, माझ्या नावावर तुम्ही जिंकलात. फुकटचा विजय माझ्या गणपतीला चालायचा नाही.”

वेटर आला. एका हातात साबुदाणा वडा, दुसऱ्या हातात लालभडक मिसळ. बाईच्या कपाळावरचं कुंकू बघून तो वडा तिच्यापुढे ठेवायला वाकला, पण थांबला. “उपास कोणाचा?”

“यांचा,” साधना म्हणाली, आणि मिसळ तिने आपल्याकडे ओढली.