सांडलेलं पाणी

"आई, मध्येमध्ये बोलू नकोस, नुसतं बघून ये. तू म्हणशील तीच शाळा," लेकीनं बजावलं होतं. पहिल्या शाळेत एवढीशी मुलं ओळीत बसून मुळाक्षरं गिरवत होती. नात माझ्यामागे लपली. दुसरी माँटेसरी. तिथे बाईंनी नातीसमोर काचेचा जग ठेवला. "अहो, फोडेल ती!" मी बोललेच. त्या हसल्या. नातीनं पेल्यात पाणी ओतलं, निम्मं सांडलं. मी पुसायला धावले. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. नात उठली, तिनं फडकं शोधून आणलं, टेबल पुसलं आणि जीभ दातांत धरून पुन्हा ओतू लागली. रोजच्या प्रार्थनेतही माझं मन एवढं स्थिरावत नाही. "हीच शाळा," मी पुटपुटले. "मग आजी, घरीही तिचं तिला करू द्याल?" बाईंनी विचारलं. "देईन." दाराशी नात बुटाचा पट्टा उलटा ओढत बसली. मी हात पाठीमागे बांधून शेजारी टेकले.