उसवलेला टाका

“गाडी बंद करू नका हो! बंद केलीत तर वास कुठून शोधू, तुमच्या खिशातून?” शिंपी खड्ड्यातून ओरडला.

लोक त्याला शिंपी म्हणत. सुई-दोऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तो लोखंडाला टाके मारायचा, वेल्डिंगचे, आणि इतके बारीक की बोट फिरवलं तर अडायचं नाही. आत्ता तो गॅरेजच्या खड्ड्यात उभा होता आणि डोक्यावर एक डिझेलची कॅम्पर व्हॅन पंधरा मिनिटं घुरघुरत होती. आत पलंग, ओटा, पडदे. चाकांवरचं अख्खं घर.

“कधी रबर जळल्यासारखा येतो, कधी गादी जळल्यासारखा,” गाडीवाला वरून वाकून म्हणाला. “जुनीच घेतली आम्ही. दोन महिने झाले.”

“फिल्टर जळतोय. नव्या डिझेल गाड्यांचं हेच असतं. सायलेन्सरच्या नळीत फिल्टर बसवलेला असतो. तो काजळी खातो, पोट भरलं की आतल्या आत जाळतो. करपट ढेकर समजा.”

“हेच तिघांनी सांगितलं,” गाडीवाल्याची बायको म्हणाली. ती कपाळ चोळत खड्ड्याच्या काठावर उभी होती. “एकानंही खाली जाऊन बघितलं नाही.”

“मी आलोय ना वहिनी खाली? मग झालं तर.”

त्यानं बॅटरी मारली. फिल्टरचा डबा दिसला. पान्यानं ठोकला तर टण्ण वाजला. रिकामा! कोणीतरी डबा कापून, आतला फिल्टर उपटून, वरून पुन्हा शिवून टाकला होता. म्हणजे आत जळायला काही नव्हतंच.

मग जळत काय होतं?

त्यानं उजेड डब्याच्या कडेनं फिरवला. टाका सुरेख होता. खवल्यांसारखा, एकावर एक, एकही थेंब ओघळलेला नाही. त्याला हसू आलं, वाटलं, कोण बुवा हा कारागीर? आणि हसू तोंडावरच वाळलं. स्वतःची सही माणूस ओळखतो तसा त्यानं तो टाका ओळखला. अशा डब्यांची त्यानं गणतीच ठेवली नव्हती. “फिल्टरची कटकट कशाला? काढून टाकू. धूर मागच्याच्या नाकात जातो, आपल्या नाही,” असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि गिऱ्हाईक दरवेळी हसायचं.

वरच्या बाजूला टाका वीतभर उसवला होता. तिथून धुराचा झोत सरळ गाडीच्या तळाला लागत होता. तळाचा पत्रा काळा पडला होता, सांधा फाकला होता, त्यावरचा फोम वितळून लोंबत होता.

“वहिनी, इथं वर काय आहे?”

“पलंग.”

“आणि पलंगावर?”

“पोरगी झोपलीये आमची. दहा महिन्यांची.” तिचा आवाज कौतुकानं हळू झाला. “घरी नुसता उच्छाद मांडायची. गाडीत मात्र इतकी शांत झोपते, मघाशी हलवलं तरी उठली नाही.”

शिंपी खड्ड्यातून कसा वर आला ते त्याचं त्याला कळलं नाही. “इंजिन बंद कर! बंद कर, भडव्या!” गाडीवाल्याला ढकलून तो आत घुसला. बाहेर आला तेव्हा पोरगी त्याच्या तेलकट हातात होती आणि तिची मान ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. तो तसाच रस्त्यापलीकडे मोकळ्यावर पळाला. तिचे तळवे चोळले. पाठ चोळली. टिचक्या मारल्या. आई किंचाळत होती, ते त्याला लांबून ऐकू येत होतं.

पोरगी ओकली. मग बारीक कण्हली. मग मात्र असा टाहो फोडला की समोरचा दुकानदार बाहेर आला.

“तिला दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. तुम्हीसुद्धा तपासून घ्या. धूर प्यायलात म्हणून सांगा. आणि या गाडीनं जाऊ नका.”

दुकानदार स्वतःची गाडी काढायला धावला. गाडीवाला मटकन खाली बसला होता. बाईनं लेकीला छातीशी घेतलं, पण पोरीनं शिंप्याची करंगळी मुठीत गच्च धरली होती, म्हणून तो तसाच अवघडून उभा राहिला.

“देवासारखे भेटलात हो, भाऊ,” बाई रडत म्हणाली. “कुठल्या मेल्यानं केलं असेल हे?”

शिंपी गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं?

“मी,” तो म्हणाला. “तो टाका माझा आहे.”

बाईचं रडणं थांबलं. मग तिनं मान खाली घातली आणि त्याच्या करंगळीवरून लेकीचं एकेक बोट सोडवायला लागली.