कौसल्याबाईंना सोसेल असा समुद्र

“गोकर्ण, पहाटे वीस,” धम्मदीपने मोबाइलवरून वाचले.

“थंड आहे,” देवराव म्हणाले. “तुह्या आईले सोसणार नाही.”

गोवा सकाळीच बाद झाला होता. तारकर्लीला वारा फार, असे देवरावांनी दारव्ह्यात खुर्चीवर बसून जाहीर केले होते. पुरीचे नाव निघताच त्यांनी नुसती मान हलवली होती. आता कन्याकुमारी उरली होती. तिच्या पलीकडे श्रीलंका, आणि तिथे पासपोर्ट लागतो.

कौसल्याबाई बाजूलाच बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी अजून समुद्र पाहिला नव्हता. गुडघे चालतात तोवर आईला एकदा वाळूत उभे करायचे, असे मुलांनी ठरवले होते. त्यासाठी धम्मदीप नागपूरहून आला होता, पायल यवतमाळहून. सुटी मोजकी होती आणि तिचा पहिला दिवस तापमानातच चालला होता.

आईला थंडी सोसत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होते. देवराव पंचायत समितीत नोकरीला होते तेव्हापासून दरवर्षी सहा डिसेंबरला मुंबईला चैत्यभूमीवर जात. बडनेऱ्याहून गाडी पकडत. निघायच्या वेळी कौसल्याबाई विचारत, “औंदा मीबी येऊ का?” देवराव अंगणातून मोठ्याने सांगत, “समुद्रावर थंडी बेकार असते. तुले सोसत नाही.” मग ते बॅगेत स्वेटर भरत. स्वेटर जसा जाई तसाच, घडीसकट परत येई. देवराव फार नीटनेटके आहेत, असे मुलांना वाटे.

त्या दिवसांत कापूस ऐन वेचणीला आलेला असे. बाया लावल्या तरी घरचे माणूस वावरात लागतेच. कौसल्याबाई उजाडायच्या आत निघत. दवाने साडी गुडघ्यापर्यंत भिजे, बोटे वळत नसत. ती थंडी त्यांना सोसत असे. तिच्याबद्दल घरात कधी चर्चा झाली नाही.

“बाबा, मुंबईच पाहू ना,” पायल म्हणाली. “तुमच्या तर पायाखालची आहे.”

“मुंबईचं नाव काढू नको. डिसेंबरात हाडं गोठतात तिथं.”

धम्मदीपनेही मान डोलावली. तो इंजिनिअर होता; पण लहानपणी बापाने सांगितलेले हवामान कोणी तपासत नाही. पायलने तपासले. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“मुंबई दुपारी बत्तीस,” ती म्हणाली. “अन् पहाटेबी आपल्या दारव्ह्याच्या दुप्पट.”

देवरावांनी चष्मा काढून पुसला.

“तवा असे थंडी,” ते म्हणाले. “आता सगळ्या जगाचंच हवामान बदलून राह्यलं.”

जगाने यावर काही म्हटले नाही. चैत्यभूमीवर दर्शनाच्या रांगेतून सुटल्यावर देवराव दरवर्षी चौपाटीवर थोडा वेळ बसत. गावोगावच्या बाया पाण्यात पाय बुडवून पोरींसारख्या हसत. कौसल्येने हे पाहायला हवे, असे त्यांना दरवर्षी वाटे. अगदी मनापासून वाटे. बडनेरा येईपर्यंत वाटत राही. पुढे दोन्ही बाजूंना वेचायची राहिलेली पांढरी वावरे दिसू लागत.

“तिथं कधीच थंडी नसे,” कौसल्याबाई म्हणाल्या. हातातली शेंग त्यांनी सोलून पूर्ण केली. “आपल्या गल्लीतली विमलताई जाये ना दरसाल. घामोळं घेऊन ये वापस.”

पायल हसली. हसणारी आपण एकटीच आहोत, हे लक्षात आल्यावर थांबली.

“मंग मुंबईचंच तिकीट काढू, आई?” धम्मदीपने विचारले.

“काढ. तुह्या बाबाचंबी काढ.”

देवरावांनी चष्मा घातला आणि बायकोकडे पाहिले.

“तुले माहीत होतं?” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “मंग इतकी वर्षं बोलली काहून नाही?”

“तुम्ही अंगणात उभे राहून म्हणत होते, कौसल्याले थंडी सोसत नाही. वेचणीच्या बाया आयकत.” कौसल्याबाईंनी टरफले पदरातून झटकली. “माह्या जिवाची काळजी असल्यासारखं तेवढं एकच बोलणं होतं तुमचं. तेबी खोटं पाडलं असतं, त माह्यापाशी उरलं काय असतं?”