जिमीचे पेपर

सकाळी आठला गोरक्षचा अनवाणी पाय हॉलमधल्या ओल्यात पडला आणि त्याचं डोकंच फिरलं. नऊ दिवसांत ही बारावी की तेरावी खेप. सोफ्याचा कोपरा झाला, देवघरापुढचं पायपुसणं झालं, आज थेट टीव्हीसमोर. करणारं कुत्र्याचं पिल्लू मूठभर पांढऱ्या लोकरीचं, ते कपाटाखाली जाऊन बसलं. त्याच्यावर ओरडून काय उपयोग? म्हणून तो झुंबरबाईवर ओरडला.

झुंबरबाई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. मूळची पेठ तालुक्यातल्या खेड्यातली, पण आता चौदा वर्षं नाशकातच. पिल्लू आणलं गोरक्षच्या लेकीने, सृष्टीने, हट्ट करून, जिमी नाव ठेवलं तिच्या आईने, संध्याने. आणि त्याला हागायमुतायचं वळण कुणी लावायचं? तर झुंबरबाईने. का, तर म्हणे तिला सवय असेल. तिच्या गावात कुत्री जन्मभर अंगणात राहतात, त्यांना कुणी काही शिकवल्याचं तिने बापजन्मात ऐकलं नव्हतं.

"आज हे माझ्यासमोर पेपरवर बसलं पाहिजे," गोरक्ष म्हणाला. "नाहीतर संध्याकाळी कुत्रं जाईल, आणि उद्यापासून तूही येऊ नकोस."

सृष्टीने भोकाड पसरलं. संध्या पोह्यांवर कोथिंबीर घालत होती, ती घालत राहिली.

झुंबरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाकीची दोन कामं गेल्याच महिन्यात सुटली होती, हे एकच घर हाताशी उरलं होतं. राग गिळून ती गॅलरीत गेली आणि तिने रद्दीचा गठ्ठा सोडला. ते कुंभमेळ्याचं वर्ष. पेपर उघडावा तर कुठे त्र्यंबकेश्वराचा कळस, कुठे रामकुंडाची आरती. देवावर कुत्र्याला कसं बसवायचं? तिने पान न् पान पाहून देवाची पानं वेगळी काढली. सेलच्या आणि प्लॉटच्या जाहिरातींची पानं, ती जिमीची. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो कळत होते.

मग सुरू झालं. जिमीला दूध पाजायचं, उचलून गॅलरीत पेपरवर ठेवायचं आणि लेकरं पायावर घेऊन करतात तसं तोंडाने शू शू करत बसायचं. चार पोरं वाढवलेली बाई, पण या मेल्याने घाम काढला. बोटं काय चाटायचा, पेपर काय कुरतडायचा. अकराला एकदाचा बसला. तिने हाक मारली तर साहेब अंघोळीला. साडेबाराला पुन्हा बसला, तेव्हा साहेब फोनवर. मी डोळ्यांनी पाहीन तेव्हा खरं, एवढंच बोलले आणि पुन्हा फोनला लागले. रोज दहाला घरी जाणारी बाई, आज सकाळच्या अर्धा कप चहावर दोन वाजवत होती. आत मटण शिजत होतं, भुकेल्या पोटी त्याचा वाससुद्धा तिला सोसवेना.

घरातली तिघं टेबलावर जेवली. मग संध्याने झुंबरबाईला वाढलं. तिचं ताट वेगळं, ओट्याखाली ठेवलेलं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसायची आणि फरशीला रस्सा लागू नये म्हणून तिच्या ताटाखाली पेपर असायचा. सणासुदीला जेवायला थांबली की चौदा वर्षं असंच. संध्या गॅलरीतून एक पान घेऊन आली. त्यावर देवाचा फोटो निघाला. तिने ते कपाळाला लावलं, जागच्या जागी ठेवून दिलं आणि शेजारच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यातलं पान आणून पसरलं. वर ताट ठेवलं.

झुंबरबाईने भाकरी मोडली. रश्शात बुडवून पहिला घास तोंडात घातला, तोच जिमी दुडुदुडु आला. त्याने पेपरचा कोपरा हुंगला, दोनदा स्वतःभोवती फिरला आणि ताटाला खेटून बसला. ओल पसरत ताटाखाली गेली. दोन थेंब ताटातही उडाले.

"अरे, बसला की," गोरक्ष हात पुसता पुसता थबकला. नऊ दिवसांत तो पहिल्यांदा हसला. सृष्टी बिस्किट घेऊन धावली, बापलेकींनी जिमीला थोपटून थोपटून बेजार केलं. झुंबरबाई, जिंकलीस तू, उद्या वेळेवर ये, असंही साहेब म्हणाले. ताटाकडे फक्त संध्याचं लक्ष गेलं. तिला हसू आवरेना.

"पेपर तेवढा बदलून घ्या झुंबरबाई," ती म्हणाली. "गॅलरीत आहे गठ्ठा."

ताटाचं नाव नाही. पेपर बदला. झुंबरबाईने हातातला तुकडा ताटात टाकला. नवऱ्याने मारलं तेव्हाही तिला एवढा राग आला नव्हता. तोंडातला घास तिने हातावर काढला. सृष्टी घाबरून पिल्लाला मागे ओढायला लागली.

"त्याला ओढू नको बाय," झुंबरबाई तिला म्हणाली. "शिकवलं तसं केलं त्यानं."

मग ती उठली. ताट मोरीत ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले.

"मुकं जनावर ते," ती संध्याला म्हणाली. "त्याला काय कळणार ताई, कोणता पेपर कुत्र्याचा अन् कोणता माझा. तुम्हाला तरी कुठं कळलं?"

गोरक्षने नॅपकिन खांद्यावर टाकला, पुन्हा हातात घेतला. झुंबरबाई त्याच्या अंगावरूनच टेबलाकडे गेली. तिने एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर नीट, मागे टेकून बसली.

"वाढा," ती म्हणाली. "भूक लागलीय."