पिवळी गाडी

"बाबा, उठा. आज शर्यत आहे."

म्हाताऱ्याने चाचपडत उशाखालची पिवळी टोपी बाहेर काढली.

"आज? रेडिओवर काही आलं कसं नाही?"

"रेडिओ बिघडलाय ना. विसरलात? चला, शर्ट घाला. टॅक्सी येतेय."

म्हातारा बस कंडक्टर होता. सगळी हयात लोकांना तिकिटं फाडून देण्यात गेली. स्वतःसाठी त्याला एकच तिकीट हवं होतं, गावाबाहेरच्या ट्रॅकवर दरवर्षी होणाऱ्या मोटारींच्या शर्यतीचं. त्यासाठी तो डब्यात पैसे टाकायचा आणि डबा दरवर्षी लेकीपायी रिकामा व्हायचा. कधी फी, कधी चष्मा, मग लग्न, मग लग्न मोडलं तेव्हा वकील. शर्यत टीव्हीवरच बघावी लागायची. पिवळ्या गाडीच्या बाजूने तो घसा फोडून ओरडायचा. पिवळी कधीही जिंकली नव्हती. "पुढच्या वर्षी बघ तू," असं म्हणून तो टीव्ही बंद करायचा.

मग साखरेने डोळे गेले, पाठोपाठ मूत्रपिंडं. डॉक्टरांनी लेकीला बाहेर बोलावून सांगितलं, "घरी न्या. जे मागतील ते द्या."

त्याने एकच मागितलं. "डोळे गेले तर गेले. कानांनी बघीन. एकदा ने."

एकदा ने म्हणे! एका तिकिटात तिचा चार महिन्यांचा पगार गेला असता. हॉटेलच्या लॉन्ड्रीत ती इस्त्री करायची. तिने मुकादमाकडे उचल मागितली, त्याने हात झटकले. मैत्रिणींपुढे तोंड वेंगाडून झालं. कुणीच दाद दिली नाही. बाथरूममध्ये नळ सोडून ती रडली. बाप जाणार हे तिने मनाशी कबूल केलं होतं. तो असा हात हलवत जाणार, तेही आपल्यापायी, हे तिला काही केल्या सहन होत नव्हतं.

आणि मग एका पाहुण्याच्या शर्टाच्या खिशात दोन तिकिटं सापडली. इस्त्री फिरणार तोच हाताला काहीतरी कडक लागलं. मोह झाला नाही असं नाही, पण ती धावत त्याच्या खोलीवर गेली. पाहुणा फोनवर होता. त्याने तिकिटांकडे धड पाहिलंही नाही.

"ही होय? आम्ही नाही वापरत. हवी तर तू ने."

मुकादमाने ऐन गर्दीत रजा द्यायला नकार दिला, तेव्हा तिने त्या दिवसाचा पगार कापून घेतला.

टॅक्सी शाळेच्या बसमागे रखडली. पोरांचा कलकलाट चालला होता. म्हाताऱ्याने मान तिकडे वळवली.

फाटकावरच्या माणसाने तिकिटं पाहिली, म्हाताऱ्याची अवस्था पाहिली. "कुठेही बसा," म्हणाला. म्हाताऱ्याने आपलं तिकीट मागून घेतलं, अंगठ्याने त्याच्या कडा चाचपल्या आणि ते वरच्या खिशात ठेवलं.

"गर्दी कमी वाटते गं." भरलेली बस आणि रिकामी बस त्याला नुसत्या कानाने कळायची.

"ऊन आहे ना. लोक मागे सावलीत उभे आहेत."

इतक्यात पहिली गाडी समोरून गेली. बाकडं थरथरलं. म्हाताऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"सुटल्या?"

"सुटल्या, बाबा!"

पुढची गाडी गेली. बऱ्याच वेळाने तिसरी.

"एकेक करून येताहेत."

ती घाईने म्हणाली, "आपण लांबच्या वळणावर आहोत ना. इथवर येईतो पांगतात."

म्हाताऱ्याने मान डोलावली. "बरोबर आहे. वळणावर तसंच व्हायचं." मग तो हसला. "बोल तू. मला सगळं दिसलं पाहिजे."

ती बोलत सुटली. लाल पुढे आहे, निळी तिला खेटून आहे, पिवळी चौथी आहे. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण टीव्हीसमोर त्याच्याशेजारी बसून शब्द पाठ झाले होते. "पिवळीने निळीला मागे टाकलं, बाबा!" थोड्या वेळाने पुन्हा, "टाकलं! निळीला मागे टाकलं!"

"मघाशीच टाकलं होतं की."

तिने जीभ चावली.

"मधे टायर बदलायला थांबली असेल पिवळी," म्हातारा म्हणाला.

"हो, हो. थांबली होती."

उन्हाने त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मान खांद्यावर कलत होती. तिला भीती वाटायला लागली.

"जायचं का घरी?"

"निकाल लागल्याशिवाय? वेडी की काय."

"शेवटचीच फेरी आहे, बाबा." ती उठून उभी राहिली. "पिवळी दुसरी आहे... लालच्या बाजूने येतेय... काढली! पुढे काढली! पिवळी जिंकली, बाबा!"

पुढच्या रांगेतले दोघं वळून तिच्याकडे बघायला लागले. तिने त्यांच्यापुढे हात जोडले. म्हाताऱ्याने टोपी काढून हवेत हलवली आणि उरल्यासुरल्या आवाजात आरोळी ठोकली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती तर हुंदके देऊन रडत होती.

घरी आणून तिने त्याला आडवं केलं, पाय चेपले. टोपी त्याने काढू दिली नाही.

"बरं वाटलं ना, बाबा?"

"सोनं झालं गं जन्माचं."

ती दिवा मालवून दाराशी पोचली, तोच त्याने हाक मारली.

"रविवारी खरी शर्यत असेल, तेव्हा खालच्यांना टीव्ही हळू लावायला सांग," तो म्हणाला. "सरावात का होईना, पिवळी जिंकलीय. ती जिंकलेलीच राहू दे."