किसनरावांच्या वावरातलं पाणी

चहाचे कप उचलायच्या आधीच किसनराव उठले आणि म्हणाले, "चला, वावर पाहून येऊ."

प्रतीक्षाच्या घरचे हिवरा आश्रमाजवळच्या त्या गावी मुलाचं घर पाहायला आले होते. अशा वेळी मुलगी काही सोबत जात नाही. पण मुलाचे वडील किसनराव, त्यांचा निरोपच होता, पोरीलेही आना. काऊन, ते आता कळलं. प्रतीक्षा भूजल खात्यात भूवैज्ञानिक, जमिनीखालचं पाणी शोधणं तिची नोकरी. आणि किसनरावांचे दोन बोर कोरडे गेलेले. बांधावर बोरची गाडी येऊन उभीच होती.

जरीची साडी सावरत ती ढेकळांतून चालू लागली, मागे सगळी वरात. याआधीची दोन स्थळं 'पोरगी दगडं पाह्यत हिंडते' म्हणून हातची गेली होती. त्यांचं तिला काही वाटलं नाही. पण हा गोपाळ, मेहकरला शाळेत शिकवणारा, तिला मनापासून आवडला होता. हे लग्न व्हायलाच हवं होतं.

तिचे वडील, ज्ञानेश्वर, हळूच शेजारी आले. "कुठंबी बोट दाखव, माय. एकदा सुपारी फुटू दे, मंग पाहू."

तिने वावरातल्या कोरड्या विहिरीत वाकून पाहिलं. वरपासून बुडापर्यंत एकसंध काळा पाषाण. ना मुरूम, ना भेग. कोरड्या बोरांपाशी त्याच दगडाच्या करड्या भुकटीचे ढीग. तिने सगळं वावर पालथं घातलं. लिंबाखाली उभा राहून गोपाळ तिच्याकडेच पाहत होता. खोटं बोलावं असं तिला फार वाटलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"काका, या वावरात पाणी नाही."

ज्ञानेश्वर मुद्दाम मोठ्याने खोकले.

"कुठीच नाही?" किसनरावांनी विचारलं.

"कुठंच नाही. बोर घेऊच नका. त्यापेक्षा शेततळं करा."

किसनराव गालात हसले. ज्ञानेश्वरांना बाजूला घेऊन ते कुजबुजले, पण आयुष्यभर बैलांना हाका मारलेला तो आवाज, बांधापलीकडेही ऐकू गेला.

"मानलं, पाव्हने, तुमच्या पोरीले. सोयरीक पक्की व्हायच्या आंधी पान्याची जागा कोन दाखवीन? मी तं मुळीच नसती दाखवली."

"नाही हो, ते खरंच..." ज्ञानेश्वर बोलू लागले आणि मध्येच शहाणे झाले.

"काका, अहो हा सगळा कठीण दगड आहे," प्रतीक्षा म्हणाली. "तीनशे फूट गेलात तरी भुकटीच निघेल."

"समजलं, बाई, समजलं." किसनरावांनी गाडीवाल्याला हात केला. "वापस ने बे गाडी. लग्न झाल्यावर ये."

परतताना गोपाळ तिच्या बरोबरीने चालू लागला. "खरंच नाही?"

"खरंच नाही. तुम्ही तरी सांगा त्यांना."

"मी सांगतलं तं म्हनतीन, आतापासूनच बायकोच्या बाजूनं झाला." तो हसला. "अन् तू जितक्या डाव नाही म्हनशीन, तितकं त्याहिले जास्त पानी दिसन."

तिलाही हसू आलं. पण नोकरी पाण्याचं खरं सांगायची, आणि संसाराची सुरुवात अशा गैरसमजावर? तिला काही ते पटेना. घरी ओसरीवर गावच्या मंडळींची बैठक जमली, गोपाळची आई गोजरबाई सुपारीचं तबक घेऊन आल्या, तशी ती सगळ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, चार माणसांत सांगते. तुमच्या वावरात थेंबभर पाणी नाही. लग्नाआधी नाही, लग्नानंतरही नाही. मागाहून मला बोल लावू नका."

ज्ञानेश्वरांनी डोळे मिटून घेतले.

किसनरावांची छाती फुगली. त्यांनी गावच्या मंडळींकडे एकवार पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "लवकर फोडा सुपारी. गावालेबी जागेचा पत्ता लागू देत नाही, अशी पोरगी दुसऱ्या कोनाच्या वावरात गेली तं आपून बसू बोंबलत."